उल्फेन घराण्यातली एल्वा

उल्फेन घराण्याच्या नऊ पिढ्या, आणि नऊच्या नऊ गुनव्होरने गोथेनबर्गच्या एका व्हिडिओ गेम कंपनीत खुर्चीत बसून जन्माला घातलेल्या. कोण कुणाच्या पोटी आलं, कुणी कुणाला विष घातलं, सगळं तिच्या टेबलामागच्या भल्यामोठ्या कागदावर. घराणं खोटं, पण त्याच्यावर तीन गेम निघाले होते, आणि खेळणारे त्यातली नावं सोयऱ्याधायऱ्यांसारखी घेत.

चौथ्यासाठी एकच गाठ सुटायची होती. पहिल्या गेममध्ये उल्फेनांची गढी जळते. खेळणाऱ्याला आगीतून एकच काही उचलता येतं: सात वर्षांची एल्वा, नाहीतर पणजोबांची तलवार. मग पुढे एल्वा जिवंत धरायची की मेलेली? कंपनीची रीत अशी, की बहुतेकांनी जे केलं तोच खरा इतिहास.

एल्वाचा आवाज गुनव्होरच्या लेकीचा, तूवाचा. घुमू नये म्हणून घरच्या कपाटात, कोटांच्या मधोमध बसवून तो घेतलेला. 'आधी मला घे' एवढे तीन शब्द आणि एक किंकाळी. किंकाळी फोडल्यावर पोरीला हसू आवरेना, तेही रेकॉर्ड झालं. दोन वर्षांनी तूवा रक्ताच्या कर्करोगाने गेली. एल्वा वाचली, तर तिच्या बालपणाच्या आठवणीत ते हसू घालायचं, एवढ्या आशेवर गुनव्होरने अकरा वर्षं काढली. देवाच्या दारात माणसं याहून कितीतरी जास्त मागतात.

कॉफीच्या वेळी तिचा नवा साहेब टोर्केल आकडा घेऊन आला. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींनी तलवार उचलली होती.

"तलवार जरा जास्तच चांगली होती," गुनव्होर म्हणाली.

"तिला धार तूच लावलीस ना?"

खोटं नव्हतं. तेव्हा चाचणीला बसलेला जो तो पोरीकडेच धावायचा, खेळाला रंग चढेना. म्हणून महिनाभर तिनेच तलवार इतकी सजवली, की उचलणाऱ्याचा हात अडखळू लागला.

दालचिनीचा पाव तोंडात कोंबत नव्याने कामाला लागलेला पेल्ले म्हणाला, की खेळताना आपण तलवार घेऊन मुद्दाम दारात थांबलो होतो, किंकाळी ऐकायला. बरेच जण हसले. आवाज कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कपात डोकं घातलं.

गुनव्होरने टोर्केलला बाजूला नेलं, सगळं सांगितलं, हसू ऐकवलं. त्याने डोळे मिटून दोनदा ऐकलं. बुडत्या माणसाला समोरच्याच्या मिटल्या डोळ्यांतही दया दिसते.

"हे इतके दिवस कुठं लपवलं होतंस?" तो म्हणाला. "जळक्या गढीत मला भूत हवंच होतं. हेच संथ करून वाजवलं, की अंगावर काटा येईल."

"ते माझ्या तूवाचं आहे, टोर्केल."

"कामासाठी घेतलेला आवाज कंपनीचा. कागदावर सही आहे बघ, आई म्हणून, तुझीच."

हे त्याने अगदी मायेने सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. मग जेवणाआधी वंशावळीचा कागद पुरा कर म्हणाला. आज वाटाण्याचं सूप आहे, उशीर झाला तर संपतं.

एल्वाच्या नावाखाली गुनव्होरने कधीकाळी तिची तीन मुलं पेन्सिलीने काढून ठेवली होती. ती तिने एकेक करून खोडली. मग पेन घेऊन नावापुढे क्रूस काढला, मेलेल्यांच्या नावापुढे काढतात तसा.

तेवढ्यात काचेपलीकडून हसू आलं. जाड, लांबलेलं, विहिरीच्या तळातून यावं तसं. कुणीतरी खूश होऊन शहारलं.

"अजून थोडं संथ कर," पेल्ले म्हणाला.