मोडायचं काम

मी हँगर बोलतोय. कपाटातला, शर्ट अडकवायचा हँगर नव्हे. डोंगरात पळवायच्या सायकलीचा. मागच्या चाकाजवळ फ्रेमला दोन स्क्रूंनी बसवलेला, अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. मागचा सगळा गिअर माझ्या अंगावर लटकत असतो. सायकल विकत घेताना लोक टायर दाबतात, ब्रेक आवळतात, सीटवर बसून बघतात. मला मात्र कुणी विचारत नाही. माझं नाव पहिल्यांदा कानावर येतं ते मी मोडल्यावर, आणि तेही शिवीसकट.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येणार नाही. ज्या पिशवीतून आलो तिच्यावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती. एवढं मात्र कारखान्यातच कळलं होतं की मला मुद्दाम मऊ ठेवलंय. बाकीचे सुटे भाग टिकायला केलेले, आणि मी मोडायला. सायकल आपटली, चाकात काही अडकलं, तर तो दणका फ्रेमपर्यंत जाऊ नये म्हणून आधी मी मोडायचं. फ्रेम मोडली तर सायकल गेली. मी मोडलो तर स्क्रू काढायचे आणि दुसरा लावायचा. असलं काम असूनही मला कधी वाईट वाटलं नाही. उलट थोडी ऐटच होती.

साताऱ्याच्या एका दुकानातून मी प्रियदर्शनीच्या सायकलीवर आलो. साताऱ्याजवळच्या गावात ऊसकरी घरातली, कॉलेजात शिकणारी ही मुलगी. सायकल दुसऱ्याची वापरलेली, पण फ्रेम चांगली होती. तसली फ्रेम आता कुणी बनवत नाही. ही गेली तर दुसरी सायकल कुठली यायला?

आणि त्या वर्षी तिला सायकल हवीच होती. दोन शर्यती होत्या, एक यवतेश्वराच्या डोंगरात आणि एक सांगलीकडं दंडोबाच्या डोंगरावर. दोन्हींपैकी एकीत तरी पहिल्या तिघींत आलं, तर राज्याच्या निवड चाचणीचं बोलावणं येणार होतं. पुढच्या वर्षी घरात तिच्या लग्नाचा विषय निघणार हे तिला माहीत होतं. म्हणून जे काय व्हायचं ते याच वर्षी.

तिचे आजोबा जोतीराम, घरात सगळ्यांचे आबा, निवृत्त हवालदार. फौजेत ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी बांधलेल्या गोठ्याला तोफगोळाही हलवू शकणार नाही. साधा खिळा ठोकायचा तरी शेजारी आणखी एक ठोकून ठेवतील, पहिल्याच्या सोबतीला.

एकदा प्रियदर्शनीनं सायकल ट्रॉलीला टेकवली, ती घसरून पडली आणि मी थोडासा वाकलो. गिअर उड्या मारायला लागला. आबांनी मला खोलून हातात घेतलं, दोन बोटांत धरून दाबून बघितलं. मी अर्थातच वाकलो.

"ह्यो काय माल हाय?" ते म्हणाले. "लोणी हाय लोणी."

ती म्हणाली, तो मऊच असतो, फ्रेम वाचावी म्हणून. आबा हसले. मोडण्यासाठी कुणी वस्तू करतं का, असं म्हणून त्यांनी मला ठोकून सरळ केलं आणि थेट तानाजीचं वर्कशॉप गाठलं. तानाजी त्यांचा जुना दोस्त. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्याचं लेथ मशीन आहे. दोघांनी चहा पीत, वाद घालत माझ्याच मापाचा तुकडा पोलादात काढला. काळाकुळकुळीत. वर नातीचं नाव ठोकलं. मला डब्यात टाकलं आणि तो माझ्या जागी बसला.

आता सांगा, आजोबांनी हातानं केलेल्या, आपलं नाव घातलेल्या वस्तूला कोणती नात नको म्हणेल? पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच. याला दणका बसला तर हा हलणार नाही, मग फ्रेमचा कान जाईल. कान म्हणजे फ्रेमचा मागचा टोकाचा भाग, जिथं आम्ही बसतो.

तिनं हे आजीला सांगितलं. लीलाबाईंना गिअरमधलं काही कळत नाही, पण नवऱ्यातलं सगळं कळतं. यवतेश्वरच्या शर्यतीदिवशी सकाळी त्यांनी आबांना हाक मारली.

"आवं, उसाला पाणी चालू हाय का बगून या की जरा."

आबा शेताकडं गेले. प्रियदर्शनीनं स्क्रू काढले, पोलाद डब्यात टाकलं आणि मला बाहेर काढलं. मी चंदेरी, तो काळा. मग आजीनं कुठल्याशा लग्नासाठी नातीनं आणलेलं आणि घरच्यांनी लावू न दिलेलं काळं नेलपॉलिश काढलं. दोघींनी मिळून मला रंगवलं. वास असा की मीच शिंकलो असतो. आबा परत आले तेव्हा नात टायरमध्ये हवा भरत होती आणि आजी विनाकारण अंगण झाडत होती.

शर्यतीच्या जागी आबांनी वाकून माझ्यावर हात फिरवला. "आता कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई," ते मला म्हणाले. नेलपॉलिश अजून नीट वाळलं नव्हतं. त्यांच्या बोटाला थोडं लागलं, त्यांना ते ग्रीस वाटलं.

तिथं काय एकेक सायकली होत्या! तारा नसलेले, बॅटरीवर चालणारे गिअर. बटण दाबलं की खाली जाणारी सीट. सांगलीच्या जिनेंद्र नावाच्या मुलाच्या सायकलीला तर हँगरच नव्हता. गिअर थेट फ्रेमला आवळलेला. तो त्या गिअरवर उभा राहून दाखवत होता. आबा मुलाकडं असे बघत होते, जणू आपलाच नातू. पुढं सगळ्या महागड्या सायकली अशाच येणार, असं तो सांगत होता. म्हणजे आमची जात संपणार. मी मनातल्या मनात हसलो. ऐकलंय की त्या गिअरच्या आतसुद्धा काही तुकडे बदलता येतील असे ठेवलेत. मोडायला कुणीतरी लागतंच. नाव तेवढं भारी ठेवतात.

शेवटच्या फेरीत प्रियदर्शनी तिसरी होती. उतारावर कारवीची एक वाळकी काठी उडाली आणि मागच्या चाकात शिरली. गिअर चाकात ओढला गेला. मला जे करायचं होतं ते मी केलं. कट्. मोडलो.

तिनं सायकल थांबवली आणि आधी फ्रेमवर बोट फिरवलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. मग चेन तोडून आखूड केली, लोंबणारा गिअर काढून पाठीच्या खिशात कोंबला, आणि एकाच गिअरवर निघाली. चढाला जमलं. सपाटीला पाय गरागरा फिरत होते आणि सायकल जागच्या जागी असल्यासारखी. एक मुलगी पुढं गेली. प्रियदर्शनी चौथी आली.

शेवटच्या रेषेवर एकानं कौतुकानं विचारलं, एकाच गिअरची ही नवी फॅशन का?

आबा मात्र मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. फ्रेमला चिकटलेला माझा अर्धा भाग बघत राहिले.

"पोलाद आतनं पांढरं कसं गं?"

तिनं सांगून टाकलं. सकाळचं सगळं, आजीसकट. आबांनी स्क्रू काढून मला खिशात टाकलं. मग एवढंच म्हणाले, "माझा असता तर तिसरी आली असतीस." घरी जेवताना लीलाबाईंनी दोनदा भाकरी वाढली. आबांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते तानाजीकडं गेले. मी खिशातच होतो, म्हणून मला ठाऊक. भंगारातली एक ॲल्युमिनियमची सायकल काढून आबांनी तिला आपलं पोलाद आणि जुना गिअर बसवला. तानाजीला पायडल फिरवायला सांगितलं आणि स्वतः चाकात काठी घातली. आपलंच पोलाद बरोबर, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मोठा आवाज झाला. पोलाद जसंच्या तसं. फ्रेमचा कान मात्र तुटून लोंबत होता.

तानाजीनं कपाळावरचा घाम पुसला. "लय भारी निघालं रं हवालदार तुजं पोलाद. सायकलच खाल्ली की."

आबांनी त्या तुटक्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तानाजी, मऊ पट्टी हाय का?"

"किती मऊ?"

आबांनी खिशातून मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "एवढी."

संध्याकाळी त्यांनी नातीच्या हातात एक चंदेरी तुकडा दिला. या वेळी त्यावर नाव नव्हतं. तिच्या तोंडाकडं न बघता म्हणाले, "घे. ह्यो मोडंल. काळजी करू नगं."

ती हसली, आणि मग रडली. लीलाबाई म्हणाल्या, नेलपॉलिश उरलंय, लावू का? त्यावर आबासुद्धा हसले.

दंडोबाच्या शर्यतीत प्रियदर्शनी दुसरी आली, म्हणजे निवड चाचणीचं बोलावणं पक्कं. माणसं तिला खांद्यावर घ्यायला निघाली, पण आबा आधी चाकापाशी जाऊन बसले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या.

"मोडला न्हाई?" ते काळजीनं म्हणाले. "जास्त कडक झाला जनू."

"आवं, पोरगी जितली," लीलाबाई म्हणाल्या. "तिकडं बगा की."

आता ते पोलाद गोठ्याच्या भिंतीत ठोकलंय. त्यावर दुधाची किटली अडकवतात. तिथं ते शोभतं, कारण तिथं काहीच मोडायचं नाही. मी अजून आबांच्या खिशात आहे, चष्म्याच्या घरात. कधी कधी ते मला काढून दोन बोटांत दाबून बघतात आणि परत ठेवतात.

तुमच्या सायकलीचा गिअर कधी निखळला, तर माझ्या भावाला लगेच शिव्या देऊ नका. आधी फ्रेमवरून एकदा बोट फिरवा, मग काय ते बोला.

त्या दिवशी दंडोबाच्या माथ्यावर आबा चाकापाशी बसले, तेव्हा तो नवा तुकडा त्यांच्या खिशाकडं, माझ्याकडं बघत होता. अंगावर एक ओरखडा नाही, म्हणून थोडा खट्टू. घाई करू नको पोरा, मी खिशातून म्हणालो. आपली वेळ येते. आली की नीट मोड.