मान सरळ

एल्मोर स्टॅम्प्सनं आधी बूड टेकवलं, मग डावा हात टपावर रोवून गुडघे एकेक करून आत ओढून घेतले. दार ओढलं. आपलं सहा फूट आठ इंचांचं धूड त्या काळ्याकुळकुळीत गाडीत मावलं याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"बसलो बघ!" तो म्हणाला. "कोण म्हणतं उंच माणसानं व्हॅनच चालवावी?"

"किती गुण, कोच?" सौसननं विचारलं. "दहापैकी."

"नऊ."

सौसननं लिहिलं नाही. हातातला टॅब छातीशी धरून ती गाडीच्या नाकाशी गेली, तिथून उजव्या बाजूला आली आणि वाकून त्याच्याकडे बघत राहिली. ती जेमतेम पाच फुटांची होती, त्यामुळे तिला फारसं वाकावंही लागलं नाही. या कंपनीत तिचं काम एकच होतं. गाडीत माणसं नीट बसतात की नाही हे बघणं. त्यासाठी कंपनी बाहेरून माणसं बोलवायची, बुटकी, लठ्ठ, म्हातारी, पोटुशी. आणि डेट्रॉइटच्या आसपास साडेसहा फुटांवरचं माणूस हवं असलं की पहिला फोन एल्मोरला जायचा. पॉन्टियॅकच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून आणि बास्केटबॉलचा संघ घडवून तो निवृत्त झाला होता. त्याला अख्खा गाव कोच म्हणायचा, म्हणून इथेही सगळे कोचच म्हणायचे.

हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून डर्क ब्रॉवर आला. या गाडीचा बाहेरचा आकार त्यानं काढलेला. लांब नाक, रुंद नितंब, आणि कपाळावर टोपी ओढून घ्यावी तसा खाली उतरत गेलेला टप. टपाची ती रेघ त्याच्या हातून उतरायला दोन वर्षं लागली होती, आणि आज संध्याकाळी आराखड्यावर सह्या झाल्या की ती कायमची ठरणार होती.

"वर हवा कशी आहे, मिस्टर स्टॅम्प्स?" डर्क हसून म्हणाला.

"खालच्यापेक्षा बरी," एल्मोर म्हणाला. हा विनोद त्यानं आयुष्यात किमान दहा हजार वेळा ऐकला असेल. उत्तरही तयारच असायचं.

"किती दिले?"

"नऊ."

"झालं तर मग!" डर्कनं टाळी वाजवली. "आठवड्याभरात सात उंच माणसं बसली, सौसन. सगळी नऊ आणि साडेनऊ. आता तरी सही कर."

तो कॉफी आणायला गेला. सौसन तिथेच उभी.

"कोच," ती म्हणाली, "तुमची मान कुठे आहे?"

"जिथे देवानं लावली तिथे."

"नाही. ती डावीकडे आहे." तिनं टॅबवर त्याचा फोटो काढला आणि खिडकीतून आत धरला.

एल्मोरनं पाहिलं. फोटोतला माणूस तोंडभर हसत होता. पण त्याचं डोकं खांद्याकडे कलंडलेलं, हनुवटी आत घेतलेली, उजवा खांदा खाली पाडलेला. दाणे टाकल्यावर कोंबडी कान देऊन ऐकते, तसा काहीसा.

"मला तर काही जाणवलं नाही," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. सातही जणांची मान अशीच होती, आणि सातही जण म्हणाले, मस्त आहे, काही त्रास नाही. चार वर्षं येताय तुम्ही माझ्याकडे. एकदाही आठच्या खाली गेला नाहीत. ती छोटी डबा गाडी आठवते? तिच्यात तुमचे गुडघे कानाला लागले होते. तिला तुम्ही साडेआठ दिलेत."

एल्मोर हसायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्याचा हात आपोआप मानेवर गेला होता.

आपण असं का करतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेतल्या बाकात, चर्चमधल्या ओळीत, विमानाच्या मधल्या सीटवर, कुठेही कुणी विचारलं, ठीक आहे ना, की तो म्हणायचा, मजेत. मोठ्या अंगाच्या माणसानं कुरकुर करू नये, आई सांगायची. आणि सहा फूट आठ इंचांच्या काळ्या पोरानं आवाज चढवला की समोरचे लोक दोन पावलं मागे सरतात, हे त्याला पंधराव्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून तो हसतमुख झाला. मुलांना मात्र तो मैदानावर ओरडून सांगायचा, जागा मागून मिळत नाही, खांदा लावून घ्यावी लागते.

"किल्ली दे," तो सौसनला म्हणाला. "उभ्या गाडीत बसून काय कळणार? तासभर चालवतो, मग सांगतो."

चाचणीचा ट्रॅक हॉलच्या मागेच होता. मैलभराचा वळणावळणाचा रस्ता, मधे गतिरोधक, मधे एक खोटा चौक, त्यावर खरा सिग्नल. ऑक्टोबरातलं ऊन पडलं होतं आणि कडेची मेपलची झाडं लालबुंद झाली होती. एल्मोरनं इंजिन चालू केलं, तशी ती घरघर आसनातून त्याच्या पाठीच्या कण्यात चढली. त्यानं पाय दाबला. गाडीनं एक क्षण श्वास घेतला आणि झेप टाकली. एल्मोर मोठ्यानं हसला. सहासष्टाव्या वर्षी माणसाला असं हसू फार वेळा येत नाही.

पहिलं वळण घेईपर्यंत तो वेगाच्याच नशेत होता. मग पहिला गतिरोधक आला आणि टाळू टपाला लागली. नेहमीसारखी मान कलती होणार, तेवढ्यात त्यानं ती मुद्दाम सरळ धरली. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा ठोका. चौकात पोचला तर पुढच्या काचेतून नुसता रस्ता दिसत होता. सिग्नल टपाच्या वर कुठेतरी राहिला होता. तो बघायला त्याला स्टिअरिंगवर छाती टेकवून, प्रार्थनेला वाकल्यासारखं वाकावं लागलं. लाल होता. हिरवा होईपर्यंत तो तसाच वाकून राहिला. त्यानं एकूण बावीस फेऱ्या मारल्या आणि बावीस वेळा तो असा वाकला.

परत आला तेव्हा डर्क आणि सौसन दारातच उभे होते. एल्मोर उतरला, ताठ उभा राहिला, मानेतून एक कट्कन आवाज आला.

"चार," तो म्हणाला.

"काय?" डर्क म्हणाला.

"दहापैकी चार. इंजिनाला दहा, आसनाच्या गादीला नऊ. पण मी या गाडीत बसत नाही, मी हिच्यात घडी होतो."

"तासाभरापूर्वी तुम्ही नऊ म्हणालात!"

"तासाभरापूर्वी मी सभ्यपणा करत होतो. आता खरं सांगतोय."

डर्कचा चेहरा तांबडा झाला. "हे बघा, मिस्टर स्टॅम्प्स. तुमच्या उंचीचं माणूस हजारात एखादं. त्या एकासाठी मी टप वर उचलला तर बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना काय दिसेल? डोक्यावर भांडं घातलेली गाडी. हा टप म्हणजे हिचा चेहरा आहे."

"चेहरा सुंदर आहे. मी कुठे नाही म्हटलं?" एल्मोर शांतपणे म्हणाला. वर्गात हात वर न करता बोलणाऱ्या मुलाशी तो असंच बोलायचा. "तुमची उंची किती?"

"पाच नऊ. का?"

"म्हणजे आपल्यात फरक अकरा इंचांचा. त्यातला निम्मा पायांत गेला. बसल्यावर उरले साडेपाच. सौसन, तुझ्याकडे त्या फोमच्या पट्ट्या असतात ना?"

सौसन आत पळाली. तिला इतक्या लगबगीनं पळताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं आणलेल्या पट्ट्या शेजारच्या आसनावर एकावर एक रचल्या, मोजपट्टी लावली आणि अर्ध्या इंचाची एक वर सरकवली.

"या, बसा," एल्मोर म्हणाला. "बाळा, घाबरू नकोस. हळूच चालवतो."

चाळीस वर्षांच्या डर्कला बाळा म्हणणारं कंपनीत कुणी नव्हतं. तो काही बोलायला गेला, पण दारात आणखी चार-पाच जण येऊन उभे होते. तो बसला. डोकं टपाला लागलं, तसं त्यानं ते एका बाजूला कलवलं.

"बघ," एल्मोर म्हणाला, "किती पटकन शिकलास."

पहिल्या फेरीत डर्क बोलत होता. हवेचा विरोध, टपाचा कोन, मागच्या काचेवरून घसरणारा वारा. दुसऱ्या फेरीत त्याचं बोलणं फक्त गतिरोधकांमधल्या सपाट रस्त्यावर चालू राहिलं. तिसऱ्या फेरीत तो गप्प होता आणि एका हातानं दारावरची मूठ धरून बसला होता. चौकात एल्मोरनं गाडी थांबवली.

"सुटला का सिग्नल?" त्यानं विचारलं.

"कुठे आहे?"

"मलाही दिसत नाहीये. म्हणून तर तुला विचारतोय."

डर्क पुढे वाकला, आणखी वाकला, आणि त्याचं नाक काचेला टेकलं. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

"अजून एकोणीस फेऱ्या आहेत," एल्मोर म्हणाला. "मी बावीस मारल्या."

"नको," डर्क म्हणाला. "परत चला."

उतरल्यावर तो बराच वेळ गाडीपाशी उभा राहिला. टपाच्या रेघेवरून त्यानं तळहात फिरवला, पुढून मागे, एखाद्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. सगळे वाट बघत होते.

"टप वर जाणार नाही," तो शेवटी म्हणाला.

मग वाकून त्यानं आसनाखाली पाहिलं.

"पण आसन खाली जाऊ शकतं. त्याखाली ती आसन सरकवायची मोटर कशाला हवी? तिच्यामुळे रूळ उंच बसलेत. मोटर बाजूला घेतली तर दीड इंच तरी मिळेल. शिवाय टपाला काचेची खिडकी आहे, तिच्या चौकटीत एक इंच जातो. ज्याला नको त्याला बिनखिडकीचा टप द्यायचा."

"हे मी मार्चमध्ये लिहून दिलं होतं," सौसन म्हणाली.

"मला नाही आठवत."

"तीन वेळा दिलं. पानाच्या तळाशी असायचं."

"तळाशी कशाला लिहिलंस? पहिल्या ओळीत लिहायचं."

सौसननं एल्मोरकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत मान चोळत होता, पण त्याच्या ओठांचे कोपरे हलले. "पुढच्या वेळी पहिल्या ओळीत," ती डर्कला म्हणाली, आणि तिचा आवाज रोजच्यापेक्षा बराच मोठा निघाला. "आणि आत्ता सही नाही. आसन बदलल्यावर, कोच बसल्यावर, त्यानंतर सही."

डर्कनं घड्याळ बघितलं, दारातल्या माणसांकडे बघितलं. "ठीक," तो म्हणाला.

मेकॅनिकांनी आसन उपटलं, मोटर काढून टाकली आणि रूळ थेट तळाला जखडले. शेजारीच बिनखिडकीच्या टपाचा एक सांगाडा होता, त्यात ते आसन बसवलं. सगळं मिळून दीड तास गेला. तोवर कुणीतरी शेतावरच्या दुकानातून सफरचंदाच्या रसाचे डोनट आणले, एल्मोरनं चार खाल्ले.

मग तो बसला. आधी बूड, मग गुडघे. दार ओढलं. मान सरळ केली आणि वाट पाहिली. डोक्याला काही लागलं नाही. त्यानं हात वर नेला. टाळू आणि टप यांच्यात त्याची दोन बोटं सहज जात होती. समोर भिंतीवर वर टांगलेलं घड्याळ त्याला बसल्या जागी, पूर्ण गोल दिसलं.

त्यानं वळून मागची सीटही पाहिली. सौसननं घाई केली नाही.

"आठ," तो म्हणाला.

"आठच?" डर्क ओरडला. "अजून काय हवंय?"

"मी आसन असं मागे घेतलं की मागच्या सीटवर माझ्या नातीची बाहुलीसुद्धा मावणार नाही."

"त्या सीटवर कुणीच बसत नाही, कोच," डर्क म्हणाला. त्यानं कोच म्हटल्याचं त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

एल्मोर घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. त्याची बायको वर्नेटा स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, डर्कचं नाक काचेला कसं टेकलं ते दोनदा सांगितलं, आणि ती पोट धरून हसली.

"दमला असशील. पड जरा," ती म्हणाली.

तो वर जाऊन पलंगावर आडवा झाला. अक्रोडाच्या लाकडाचा, पायथ्याशी कोरीव फळी असलेला तो पलंग वर्नेटाच्या आईचा. लग्नात अलाबामाहून ट्रकमधून आला होता. थोड्या वेळानं वर्नेटा धुतलेले टॉवेल घेऊन खोलीत आली. तो कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. जागा होता.

"वर्नेटा," तो म्हणाला, "हा पलंग मला आखूड पडतो."

तिनं टॉवेल खुर्चीवर ठेवले.

"कधीपासून?"

"आणला त्या दिवसापासून."

"चौतीस वर्षं?"

"मेमध्ये पस्तीस होतील."

"आणि मी रोज सकाळी विचारायचे, झोप झाली का, तर म्हणायचास–"

"छान झाली."

वर्नेटा पलंगाच्या पायथ्याशी आली. कोरीव फळीवरच्या द्राक्षांच्या घोसावर तिनं हात ठेवला. आईच्या घरी ती लहानपणी दर शनिवारी तेलाचं फडकं घेऊन ही द्राक्षं पुसायची. ती खाली वाकली आणि फळी कुठे, कशी जोडली आहे ते बघू लागली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्ट होते.

"पान्यांची पेटी गॅरेजमध्येच आहे ना?" तिनं विचारलं.

"अगं, तो तुझ्या आईचा–"

"आई चार फूट अकरा होती," वर्नेटा म्हणाली. "आणि ही फळी निघाली की पाय ताणून बघ. किती बाहेर जातात ते मला बघायचंय."