उषेचा डावा कान

करडी गावच्या रुखमाची पोरगी उषा सात वर्षांची होती. तिचा डावा कान तिसऱ्या वर्षापासून वाहत होता. सर्दी झाली की कान ठणकायचा, पोर दोन दिवस तळमळायची. मग उशीवर पिवळा डाग दिसला की ठणका थांबायचा. महिनाभर बरा जायचा, पुन्हा तेच.

अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात रुखमाने तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "पडद्याला भोक आहे. या गोळ्या द्या. पण कान कोरडा ठेवा. पाणी नको, तेल तर नकोच."

घरी सासू चंद्रभागाबाई हसली. लसूण जाळलेलं तेल हाच तिचा उपाय. "माहाही कान लहानपणी वाहे. मी मेली काय?"

धानाची रोवणी सुरू होती. रुखमा दिवसभर चिखलात, पोर आजीजवळ. संध्याकाळी पोरीच्या केसांना लसणाचा वास येई.

"लेकरू रडे, मी नुसती आयकत बसू?" सासू म्हणे.

"मले आठ दिस घरी राहू द्या जी," रुखमाने नवऱ्याला विनवलं.

"रोवणी थांबते काय?" सेवकराम म्हणाला. "अन् मायले मी काय सांगू?"

मग तिने उषेला शेतात, धानाच्या बांधीवर नेलं. पोर पावसात भिजली आणि कान पुन्हा फुटला.

एक दिवस तिने उजवा कान उशीत दाबून लोळणाऱ्या उषेला तीनदा हाक मारली. पोर हलली नाही, म्हणून तिने चापट मारली. उषा दचकून म्हणाली, "तू बोलली काय, माय?"

रुखमाचा हात तसाच राहिला.

"काय म्हणून राहिली पोरगी?" सासूने मान वळवून उजवा कान पुढे केला. रोज दिसणारी ती वळलेली मान रुखमाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. ती सासूच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"आत्याबाई, डाव्या कानानं तुमाले कधीपासून आयकू येत नाही?"

म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं. "लगनाच्या आधीपासून. कोणालेच सांगतलं नाही. परत धाडलं असतं मले."

त्यानंतर तिने तेल घातलं नाही. दिवाळीपर्यंत कान कोरडा झाला. पण गेलेलं ऐकू येणं परतलं नाही. डॉक्टर म्हणाले, नागपूरला ऑपरेशन करून पाहता येईल, खात्री नाही. सेवकराम एवढंच म्हणाला, "गावात बोलू नको. उद्या पोरीचं लगन करा लागते." आणि सासूनेही होकाराची मान डोलावली.

रुखमा शाळेत गेली. "गुरुजी, उषेले पुढं बसवा जी. डाव्या हाताच्या भिंतीले लागून."

"काहून?"

खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं, पण गावात बोलायचं नव्हतं. "मागं बसली का बोलत राहते जी."

"उषा?" गुरुजींना नवल वाटलं. "ते तर कोणाशीच बोलत नाही, बाई."

रुखमाने पदर नीट केला. "तरी बसवा जी," ती म्हणाली आणि उषेला आत जाऊ देत वर्गाच्या दारातून बाजूला झाली.