खिडकीला बांधलेली निळी वायर

मित्रांनो, अख्ख्या कंपनीला संकटातून बाहेर काढण्याचं भाग्य फार थोड्या वायरींच्या वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते आलं. एरवी मी रिसेप्शनमधली खिडकी बांधून ठेवते.

मी एक जुनी कन्सोल वायर आहे. रंग फिकट निळा, अंगाने चपटी, लांबी साधारण एका माणसाच्या उंचीएवढी. कारखान्यात एका लांबच लांब पट्टीतून मला कापून काढलं. त्याच पट्टीतल्या माझ्या बहिणी आज ठिकठिकाणच्या ड्रॉवरांत पडून आहेत. माझं एक टोक टेलिफोनच्या पिनेसारखं आहे, ते राउटरमध्ये जातं. दुसरं टोक रुंद आणि भोकाभोकांचं, ते कॉम्प्युटरच्या पाठीत बसतं.

राउटर आणि मी एकाच खोक्यातून आलो, म्हणून तो माझा भाऊ. तो कंपनीच्या दारात बसतो, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सोडतो. कोणाला सोडायचं नाही हेही तोच ठरवतो. त्या कामाला फायरवॉल म्हणतात. दोन्ही कामं एकटा करत असल्यामुळे त्याचा तोरा मोठा. पण कधीकधी तो सगळ्यांशी बोलणं टाकतो. मग कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन मला लावायचं आणि माझ्यातून त्याची समजूत घालायची. माझा जन्म तेवढ्यासाठीच झाला.

सुरुवातीच्या इंजिनियरने माझं फार कौतुक केलं. डॉक्टर स्टेथोस्कोप घालतात तसा तो मला गळ्यात घालून फिरे आणि लोक बाजूला होत. पुढे त्याने नोकरी सोडली. जाताना तो मला नव्या लॅपटॉपला जोडणारा छोटा जोड घेऊन गेला. ऑफिसची छत्रीही घेऊन गेला, पण चर्चा फक्त छत्रीची झाली.

मी ड्रॉवरमध्ये पडले. शेजारी पिना संपलेला स्टेपलर होता. त्याच सुमारास रिसेप्शनमधल्या खिडकीची कडी तुटली. वारा आला की खिडकी थाडकन आपटे आणि फोनवर बोलणारी मुलगी ‘हॅलो’च्या जागी ‘आई गं’ म्हणे. या मुलीला सगळे हॅलोच म्हणतात. एक दिवस तिने ड्रॉवर उघडला, मला ओढून पाहिलं, ‘मजबूत आहे’ म्हणाली आणि खिडकीला घट्ट गाठ मारली. माझ्याबद्दल बऱ्याच काळात कोणी चांगलं बोललं नव्हतं. मी बांधून घेतलं.

मित्रांनो, ती जागा वाईट नव्हती. ऊन येई, वारा येई आणि ऑफिसातलं सगळं कानावर पडे. तिथेच मला राउटरताईची गोष्ट कळली.

राउटरताई म्हणजे आमची नवी नेटवर्क इंजिनियर. हे नाव तिला हॅलोने दिलं. ताईचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बाथरूममध्ये पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण दर तासाला कोणीतरी हात धरून त्यांना चालवायला हवं. परक्या माणसाला ते हात देत नाहीत. ताई घरून काम करू शकली तर ठीक, नाहीतर त्यांना तिच्या दादाकडे जावं लागणार होतं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हातारबुवांनी सांगून टाकलं होतं, “वर जायची मला घाई नाही.”

साहेब मात्र अडून बसले होते. माझ्या खिडकीसमोरच बोलणं झालं.

“नेटवर्कचा माणूस नेटवर्कजवळ हवा,” ते म्हणाले. “आचारी कधी घरी बसून स्वयंपाक करतो का?”

“आमच्याकडे तर घरीच करतात, साहेब,” ताई म्हणाली.

साहेबांनी थोडा विचार केला आणि एक महिना दिला. या महिन्यात एकदाही दुरुस्तीसाठी ऑफिसला यावं लागलं नाही, तर परवानगी कायमची. एकदा जरी यावं लागलं, तर रोज यायचं.

ताई घरी गेली आणि व्हीपीएनवरून काम करू लागली. व्हीपीएन म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंतचा एक गुपचूप बोगदा. ओळखीच्यांनाच आत घेतात, आणि ओळख पटवतो माझा भाऊ. आमची कंपनी नळ विकते; ते ज्या गोदामांतून जातात, ती गोदामंही अशाच बोगद्यांनी जोडलेली आहेत. बोगदा बंद तर बिल बंद, बिल बंद तर ट्रक बंद.

महिना सुरळीत गेला. हीच अडचण झाली. काही बिघडत नाही म्हटल्यावर ताईला स्वस्थ बसवेना. शेवटच्या दिवशी दुपारी ती घरबसल्या भावाचे जुने नियम साफ करायला बसली. एक नियम कशासाठी आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने तो काढला. बोगद्यांचं दार त्याच नियमावर उभं होतं. मांजराला हाकलायला बाहेर यावं, मागे दार लागावं आणि किल्ली आत राहावी, तसं तिचं झालं. गोदामांचंही दार त्याच क्षणी लागलं.

हॅलोचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“मी काहीतरी केलंय,” राउटरताई म्हणाली.

“मला कळलं. तिन्ही गोदामं ओरडतायत. राउटर बंद करून चालू करू का?”

“अजिबात नको. बदल सेव्ह केलाय मी. बंद केलास तरी तो उठल्यावर तसाच वागणार. आणि इतका जुना आहे, उठलाच नाही तर? ड्रॉवरमध्ये एक निळी चपटी वायर आहे बघ.”

“ड्रॉवरमध्ये नाहीये.”

“मग कुठाय?”

हॅलोने माझ्याकडे पाहिलं. “इथेच आहे. जरा कामात आहे.”

गाठ सुटता सुटेना. हॅलोचं एक नख गेलं. शेवटी अकाउंटवाले काका आले आणि त्यांनी पेनाचं टोपण घालून मला मोकळं केलं. खिडकी लगेच आपटली. इतक्या काळाने माझी कोणाला तरी खरी गरज पडली होती. माझा ऊर भरून आला.

मग कळलं, की माझं रुंद टोक बसेल असा एकही लॅपटॉप ऑफिसात नाही.

“माझ्याला आहे तसलं,” काका म्हणाले. काकांचा कॉम्प्युटर माझ्याच वयाचा. कंपनीने किती वेळा बदलायला काढला, पण ‘चालतंय ना?’ म्हणून त्यांनी सोडला नव्हता. आता तो चाकांच्या खुर्चीत बसवून पॅसेजमधून निघाला. काका ढकलत होते, हॅलो एका हातात मॉनिटर आणि दुसऱ्या हातात मला आणि फोनला धरून पुढे चालली होती. लोक बाजूला होत होते. मला जुने दिवस आठवले.

वाटेत साहेब भेटले. “एवढा खटाटोप कशाला? तिला बोलवा. गाडी पाठवतो.”

“थोडा वेळ द्या, साहेब,” फोनमधून ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मागून म्हातारबुवा बोलले, “जा गं. मी कुठे पळून जातोय?”

“बाबा, तुम्ही उठू नका.”

“उठलो कुठे? उठता येत असतं तर तू ऑफिसातच असतीस.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “गाडी खाली उभी करून ठेवतो,” म्हणाले.

राउटरची खोली म्हणजे पूर्वीची झाडूंची खोली. झाडू अजून तिथेच आहेत. हॅलोने माझं एक टोक भावाला लावलं. किती वर्षांनी भेट झाली. तो काही बोलला नाही, पण तो कोणाशीच बोलत नव्हता, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. आता दुसरं टोक काकांच्या कॉम्प्युटरला लागलं, की माझ्यातून ताईचे शब्द जाणार होते.

कॉम्प्युटर सुरू करायला प्लग लागणार होता आणि बोर्डावर एकही जागा मोकळी नव्हती.

“दारावरच्या कॅमेऱ्याचा प्लग काढा, काका,” ताईने सांगितलं.

काकांनी वाकून पाहिलं आणि एक काढला.

“ताई,” हॅलो म्हणाली, “राउटरचे दिवे गेले.”

“काका, कॅमेऱ्याचा म्हटलं होतं मी.”

“सगळे काळेच आहेत,” काका म्हणाले.

“परत लावा.” तिने आता आशा सोडली होती, ते आवाजावरून कळत होतं. “बाबा, चप्पल कुठाय माझी?”

काकांनी प्लग परत लावला. भाऊ बराच वेळ नुसता घरघरला. मग एक दिवा लागला, थोड्या वेळाने दुसरा. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा तो सावकाश भानावर येत होता. साहेब गाडीला फोन लावत होते.

“थांबा,” राउटरताई म्हणाली. “मी आत आलेय.”

“आत म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“बोगद्यातून, साहेब. घरीच आहे.”

रिसेप्शनमध्ये गोदामाचा फोन वाजला. बिलं निघायला लागली होती.

झालं होतं असं. ताईने सवयीने एका दमात दोन हुकूम लिहिले होते: आधी नियम काढ, मग बदल जपून ठेव. पहिला भावाकडे पोचला. त्याने तो पाळला, दार बंद झालं आणि दुसरा हुकूम बाहेरच राहिला. जपून काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळे झोपून उठल्यावर भाऊ सगळं विसरला आणि पहिल्यासारखा वागू लागला.

ताईने हे सगळं साहेबांना खरं खरं सांगितलं. चूक माझी, नीट झालं ते काकांच्या हातून चुकून, असंही म्हणाली. साहेबांना त्यातला प्लग तेवढा कळला.

“ते असू दे. तुला यावं लागलं का?”

“नाही.”

“मग झालं.” त्यांनी गाडी परत पाठवली.

काका तेव्हापासून वाकून पाहिल्याशिवाय कोणताही प्लग काढत नाहीत. तसे ते तेव्हाही वाकूनच पाहत होते.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. काळ्या प्लगांवर चिठ्ठ्या चिकटवा. निघून जाणाऱ्या माणसाची पिशवी एकदा पाहून घ्या. आणि वायर कितीही मजबूत दिसली, तरी तिला गाठ मारू नका. बाहेरून काही दिसत नाही. आत काय होतं ते आमचं आम्हांलाच कळतं, आणि कधीकधी आम्हांलाही कळत नाही.

गेल्या आठवड्यात राउटरताई तिची खुर्ची घरी न्यायला आली होती. म्हातारबुवाही तिचा हात धरून आले होते. सोफ्यावर बसून त्यांनी चहा घेतला.

“हीच का ती वायर, जिच्यामुळे माझे जिने वाचले?” त्यांनी विचारलं.

“तिला लावलंच नव्हतं, बाबा,” ताई म्हणाली. मग मला खिडकीवरून सोडून तिने पिशवीतला मीटर माझ्या दोन्ही टोकांना लावला. चांगल्या वायरीला तो वाजतो. वाजला नाही. गाठीच्या जागी माझी एक तार आतून तुटलेली होती.

तिने मला पुन्हा खिडकीला बांधलं.