गुंडीच्या आईची झोप

कडकमावशींच्या सुनेच्या झोपेच्या वाटेला जाऊ नये, एवढं त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. वरच्या मजल्यावरच्या सुताराने एकदा भर दुपारी भिंतीला ड्रिल लावलं, तर कडकमावशी हातातल्या गरम इस्त्रीसकट जिना चढून गेल्या. "मारायला नव्हती नेली," असं त्या मागाहून सांगायच्या, "हातात होती, म्हणून आली बरोबर." सुताराला त्या दिवसापासून दुपारची कामं बाहेरची मिळायला लागली. दूधवाला कोपऱ्यावरच गाडी बंद करून ढकलत आणायचा.

मावशींचं इस्त्रीचं दुकान खाली आणि घर बरोबर त्याच्या डोक्यावर. कपडे असे कडक करून द्यायच्या की गल्लीने तेच नाव पाडलं, आणि स्वभावाकडे बघता ते कुणाला खोटंही वाटलं नाही. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. गेला की गेला. घरात मग सासू, सून आणि गुंडी. नात जन्मली तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "अगं बाई, ही तर शर्टाच्या गुंडीएवढी!" कागदावर नाव काही का असेना, घरात ती गुंडीच राहिली.

सुनेला शाळेत असल्यापासून फिटा यायच्या. लग्नाआधी ती एकटी दुकानात आली होती आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून, फिटांचं सगळं सांगून म्हणाली होती, "माल बघून घ्या. नंतर तक्रार चालायची नाही." मावशींना पोरगी तिथेच आवडली. गोळ्या वेळेवर आणि झोप पोटभर, एवढं सांभाळलं की तिचं बरं चालायचं. दोन-दोन वर्षं काही व्हायचं नाही. ती चांगली हसायची, भांडायची, दुकानाचे हिशेब बघायची.

पण गुंडी आली आणि तिच्यासोबत घरात भीती आली. मूल झालं की बाईची झोप उडते, हे का कुणाला सांगायला हवं? बाकीच्या बायका झोप मोडली की वैतागतात, नवऱ्यावर खेकसतात आणि उठून कामाला लागतात. हिची झोप मोडली तर ही उभ्या जागी कोसळू शकत होती, आणि हातात गुंडी असू शकत होती. म्हणून पलंग काढून गादी जमिनीवर आली. सुनेने गुंडीला घेऊन उभं राहायचं नाही, शेगडीजवळ जायचं नाही, पाजायचं ते खाली चटईवर बसून. न्हाणीघराची कडी मावशींनी स्वतः उपसून काढली. रात्रीची बाटली बापाने द्यायची, आणि तो गाडीवर असला की आजीने. सून दुसऱ्या खोलीत कानात बोळे घालून झोपायची आणि रोज सकाळी उठल्यावर आधी रडायची, की कसली मी आई.

"झोप म्हणजे अर्धं औषध आहे, आजी," सुनेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मावशींनी ते वाक्य घडी घालून मनात ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्याबद्दलही बाई बोलल्या असणार, पण ते गोळ्यांचं, ते सुनेचं खातं. सुनेच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ गजर वाजायचा आणि ती गोळी घ्यायची. त्यात मावशींना बघण्यासारखं काही नव्हतं.

बाळ बघायला ताई आली, म्हणजे मावशींची थोरली लेक. ती आईच्याच वळणावर गेलेली, तोंडावर बोलणारी. "मला भीती वाटते," म्हणाली. "हिच्या हातून काही झालं तर जन्मभर हीच रडेल." सुनेने मान वर करून उत्तर दिलं होतं, "ताई, मला एक जरी फीट आली ना, तर मीच गुंडीला तुमच्याकडे आणून देईन. चालायला लागेपर्यंत राहू दे तिथे." बोलून गेली खरी, पण त्यानंतर घरात भांडं पडलं तरी तिघी दचकायच्या, आणि तिसरी तर पाळण्यातली.

त्या आठवड्यात मुलगा गाडीवर होता. गुंडीचं पोट बिघडलं आणि तिने रात्रभर घर डोक्यावर घेतलं. मावशी तिला खाली दुकानात घेऊन गेल्या, कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून फिरवत राहिल्या, पण पोरीचा आवाज आजीवर गेलेला. कानातले बोळे काय पुरणार? सून पुन्हा पुन्हा जिन्यात येऊन उभी राहायची आणि मावशी तिला पुन्हा पुन्हा पिटाळायच्या.

सकाळी गुंडी एकदाची झोपली. मावशींनी तिला वर आणून पाळण्यात टाकलं, तर सूनही मेल्यासारखी झोपलेली, तोंड उघडं, एक हात गादीबाहेर. आणि तेवढ्यात उशाशी तो फोन बोंबलायला लागला.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर जीव काढून जी झोप आत्ता कुठे लागली, ती हा टीचभर डबडा मोडणार? सुताराला सोडलं नाही, याला सोडतील होय! त्यांनी झडप घालून फोन उचलला, जिथे बोट दाबायचं तिथे दाबलं, आणि मग विश्वास वाटेना म्हणून अख्खा फोनच बंद करून टाकला. सुनेने कूस बदलली, पण जागी झाली नाही. गोळी काय, उठल्यावर घेईल, अर्धं औषध तर चालूच आहे, असं मनाशी म्हणत मावशी समाधानाने खाली गेल्या.

उठल्यावर सांगायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. पण दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकं सुरू झाली. वर सून उठल्याचं, गुंडीशी लाडाने बोलल्याचं त्यांना ऐकू आलं. कुणी चादरी टाकून गेलं, कुणी कालच्या पॅन्टची क्रीज वाकडी म्हणून वाद घातला. मग वकिलाचा काळा कोट टेबलावर आला. काळ्यावर डाग पडतो, म्हणून मावशी वर ओलं फडकं टाकून जपून इस्त्री फिरवत होत्या.

डोक्यावर धप्प झालं. आणि पाठोपाठ गुंडीने टाहो फोडला.

मावशींना कळलं. हाताने सवयीने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, त्या हाताचा त्यांना रागच आला, आणि मग त्या जिन्यावर होत्या. देवा, पोरगी. देवा, दोघी. तोंडाने एवढंच.

गुंडी चटईच्या मधोमध पाठीवर पडून लाथा झाडत होती. लालबुंद, पण धड. सून मात्र खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या पायाशी. हातपाय ताठ होऊन झटके देत होते, डोळे वर, ओठ निळे, आणि भुवईवर कपाटाचा कोपरा लागून रक्त. ती तिकडे इतक्या लांब कशी पोचली, हे मावशींना कळेना.

लहानपणी त्यांनी शेजारच्या बाईच्या तोंडात चमचा घालताना बघितलं होतं. तसं करायचं नाही, काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही, हे सुनेने त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मावशींनी तिला कुशीवर वळवलं, कपाट आणि डोकं यांच्यामध्ये कुणाची तरी इस्त्री केलेली चादर कोंबली, आणि भिंतीवरच्या घड्याळावर मिनिटं मोजत बसल्या. धरून ठेवायचं नाही, फक्त बसायचं. मागे गुंडी घसा फोडत होती. "थांब गं बाळा, थांब, आई आहे, आजी आहे," असं त्या म्हणत होत्या आणि स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येत नव्हता. सून मेली तर? मेली तर मी मारली. हा विचार तेव्हाच आला, झटके चालू असतानाच. गजर त्यांना तेव्हा आठवला.

झटके हळूहळू सुटे झाले आणि थांबले. घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. मावशींनी गुंडीला उचलून पोटाशी धरलं, सुनेच्या उशाशी बसूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं विचारलं आणि सांगितलं, की पूर्ण शुद्धीवर आली, नीट गिळता आलं की राहिलेली गोळी द्या, जखम आजच दाखवा, परत झटका आला तर क्षणभर थांबू नका, आणि आज तिला एकटं सोडू नका. गोळी का राहिली, हेही विचारलं. मावशी म्हणाल्या, "राहिली."

सून जागी झाली तेव्हा आधी तिचा हात चटईवर चाचपडला.

"गुंडी?"

"आहे. ही बघ. काही झालेलं नाही तिला, ओरखडासुद्धा नाही."

तिला भान यायला वेळ लागला. मग तुटक तुटक बोलली. "पोटातून ते वर यायला लागलं, आई, फीट यायच्या आधी येतं तसं. मला कळलं. तिला खाली ठेवलं. मग लांब सरकले... जमेल तेवढी लांब. अंगावर पडू नये म्हणून." तिने भुवईला हात लावला, रक्त बघितलं. "ताईंना फोन करा. घेऊन जाऊ देत तिला."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मावशींना सुटल्यासारखं वाटलं. गुंडी ताईकडे गेली की रोजची ही धडधड संपली. डोक्यावर धप्प झालं तरी निदान पोर तिथे नसेल. आणि सकाळच्या त्या गजराचं कुणाला कधी कळणार होतं? मुलाला कळणार नव्हतं, ताईला कळणार नव्हतं. त्यांचा हात ताईला फोन लावायला गेलासुद्धा.

"सकाळचा गजर वाजलाच नाही बहुतेक," सून म्हणाली. "की मीच झोपेत बंद केला असेन. फोन अख्खा बंदच होता, आई, आणि गजर नाही म्हणून गोळीही डोक्यातून गेली. बंद केल्याचं आठवतही नाही. असल्या बाईवर कुणी मूल सोपवावं का?"

"तू नाही केलास," मावशी म्हणाल्या.

"अं?"

"मी केला. म्हटलं, झोपू दे. रात्रभर झोप नाही पोरीला. गोळी काय, मागाहून घेईल. मग सांगायचं राहून गेलं." त्यांनी गुंडीला आणखी घट्ट धरलं. "मी केलं गं हे. तुझ्या झोपेपायी मीच तुला..."

सून कोपर टेकून उठून बसली. चेहरा पांढरा पडलेला, त्यात डोळे मात्र पेटलेले. "आई! मला उठवून गोळी द्यायची असते! हलवून, पाणी मारून, काहीही करून! एवढं साधं... सगळ्या गल्लीला शिस्त लावता आणि..."

"बोल. बोल अजून."

पण ती थांबली. "म्हणजे हे उगाच नाही आलं? मी गुंडीला घेतलं म्हणून नाही? मला जमत नाही म्हणून नाही?"

"नाही बाई. तुला जमतं. जमलं म्हणून तर ती ही अशी भोकाड पसरतेय."

सून मोठ्याने रडली, पोरीपेक्षा मोठ्याने. मावशींनी तिला गोळी दिली, पाण्याचा पेला स्वतः धरला, भुवईवर ओलं फडकं दाबलं. "ताईला मी फोन करणार," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यालाही. आधी माझं सांगणार, मग तुझं. काय शिव्या घालायच्या त्या मला घालू देत."

"करा. पण आधी तिला द्या इकडे. भूक लागलीय तिला."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. गुंडी त्यांच्या पोटाशी होती आणि त्यांचे हात सुटत नव्हते. देऊ नये असं मनात नव्हतं, हातच ऐकत नव्हते.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

"मग मला काय कमी वाटते?"

मावशींनी मान हलवली. मग त्या उठल्या, सुनेला चटईच्या मधोमध बसवलं, आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्या मागे पाय पसरून बसल्या, लेकराला मांडीत घ्यावं तसं. दोन्ही हात पुढे नेऊन गुंडीला तिच्या आईच्या कुशीत ठेवलं आणि स्वतःचे हात खालून तसेच राहू दिले. खालून वकील कोटासाठी हाका मारत होता.

"आता पडायचं झालं तर मागे पड," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावर."

सून हळूच मागे टेकली. गुंडी प्यायला लागली.