पांढरी चिंधी

दगडोबाची बंदूक उडालेली गावात फारशी कुणी ऐकली नव्हती, पुसताना मात्र सगळ्यांनी पाहिली होती. जळकोटच्या अलीकडच्या त्या गावात शेतराखणीचं लायसन असलेली ती एकच बावीस बोअरची रायफल, आणि दगडोबाचं तिच्यावरचं प्रेम म्हणजे थट्टेचाच विषय. खंडेनवमीला गावभर कोयत्या-कुऱ्हाडींवर हळदीकुंकवाचा चिखल व्हायचा. दगडोबा कुंकवाचं एक बोट लाकडी दस्त्याला लावायचा, लोखंडाला नाही. कुंकवानं गंज चढतो, आणि गंजकं हत्यार देवाला तरी काय कामाचं, असं त्याचं शास्त्र होतं. मग ओसरीवर पोतं अंथरून तो नळीमागचा सरकता खटका काढायचा, पितळी गजाला जुन्या धोतराची चिंधी अडकवून नळीतून फिरवायचा. पावसाळ्यात रानडुकरांवर दोन-चार बार झालेले असत. पहिली चिंधी काळी यायची, मग करडी, आणि पांढरी निघेपर्यंत हा गडी जेवायला उठायचा नाही.

जवळची नजर मंदावली तशी पंचाईत झाली. लांबचं डुक्कर दिसायचं, पण हातातली चिंधी पांढरी की करडी ते कळेना. तेव्हापासून तो ती बायकोपुढे धरायचा. "बघ." विठाबाई पदराला हात पुसून चिंधी उजेडात न्यायची. "अजून एक फिरवा" म्हणाली की फिरवायची, "झाली" म्हणाली की झाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिचा शब्द त्यानं कधी तपासला नव्हता. बंदुकीच्या पेटीची किल्लीही तिच्याच कमरेला असायची, फक्त हे गावाला ठाऊक नव्हतं.

यंदा हरभरा घाट्यावर आला आणि महादेवाला सोडलेला वळू ओढ्याकाठी मरून पडला. चार दिवस लंगडत होता म्हणे. काटा मोडला असेल म्हणून कुणी बघितलं नाही. गुरांच्या डॉक्टरानं चिरलं, तर मागच्या फऱ्यात, मांडीच्या मासात, शिशाची बारकी गोळी निघाली.

वळू बसलिंगप्पाच्या वडलांनी नवसाचा सोडलेला. बसलिंगप्पा गावातला किराणा दुकानदार आणि देवळाचा पंच. तो दहा माणसं घेऊन दुपारी दगडोबाच्या ओसरीशी आला.

"दगडोबा, गावात बंदूक एकच हाय."

"हाव. आन खंडेनवमीपासून ती उडाली न्हाई."

"असं कोण म्हनतं?"

"नळी म्हनंल की."

दगडोबा किल्ली मागायला आत गेला. विठाबाई चुलीपाशी उभी होती. "अवं, जाऊ द्या ना," ती हळू म्हणाली. "लोकास्नी कामून दाखवायचं?"

"हातच्या कांकनाला आरसा कशाला? दोन मिनटात खरं-खोटं हुईल. किल्ली दे."

तिला गाठ सुटता सुटेना. म्हातारपणाची बोटं, दगडोबाला वाटलं.

रायफल घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याची छाती दोन बोटं फुगलेली होती. अंगणात त्याचा मुलगा सत्यम मोटारसायकलला टेकून मोबाईल बघत होता. शेजारची कोंडाबाई मधल्या दगडी गडग्यावरून वाकून बघत होती. दगडोबानं खटका काढला, आत गोळी नाही हे दाखवलं आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. बंदूक उडाली असेल तर आत काजळी धरते, चिंधी काळी निघते. नसेल उडाली तर पूजेला साफ केली तशीच असणार. इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं वर आणखी जोडलं, "माझ्याबिगर हिला कुनी हात लावत न्हाई."

गज आत गेला, बाहेर आला. सवयीनं त्यानं न बघताच चिंधी दारात उभ्या विठाबाईपुढे धरली.

"बघ. सांग समद्यास्नी."

विठाबाई खाली बघत होती. चिंधीकडे तिनं पाहिलंच नाही.

"काळीकुट्ट हाय की," बसलिंगप्पा म्हणाला.

दगडोबाला काजळीच्या आधी बायकोचं ते न बघणं दिसलं. जिला ठाऊक नसतं तिनं आधी बघितलं असतं. मग त्यानं अंगणात पाहिलं. सत्यमचा मोबाईल खिशात गेला होता, नजर चपलांवर होती. ज्या हरभऱ्यात वळू रोज शिरत होता तो सत्यमचा.

"पेटीची किल्ली कुनाजवळ असती?" बसलिंगप्पानं विचारलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. "माझ्याजवळ," दगडोबा म्हणाला. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला तेवढा एकच शब्द पुरला.

"लई इज्जत करत होतो तुझी म्या," बसलिंगप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "उद्या बंदूक घेऊन ठाण्यात चल."

"येतो."

माणसं गेली. सत्यम ओसरीपर्यंत आला. "दादा, नुसतं भेव दाखवायला गेलो व्हतो. पायापाशी मारली, ती लागली." जरा थांबून म्हणाला, "पुसून ठिवली व्हती म्या."

"भाईरून."

सत्यमनं विचारलं, "आता लायसन जाईल का?" मग तो मोटारसायकल काढून गेला.

विठाबाई उंबऱ्यात बसली. "म्होरल्या महिन्यात पावणे येनार हायेत त्याला बघायला. गुन्हा लागला असता तर?"

"आत किल्लीची गाठ सोडत व्हतीस, तवा सांगायचंस. म्या नळी उघडलीच नसती. त्याचं बी झाकलं असतं आन माझं बी."

"तोंडाला आलं न्हाई. पोरगं हाय वो आपलं."

"आन मी?"

दगडोबाला वाटलं होतं राग येईल. राग आला असता तर सोपं होतं. आपल्याला आपल्याच ओसरीवर, आपल्याच माणसांनी उघडं पाडलं आणि ते होताना दोघंही बघत राहिली, एवढंच त्याला परत परत आठवत होतं.

उद्या ठाण्यात द्यायची तरी घाण द्यायची नाही. त्यानं पोतं अंथरलं, धोतराच्या चिंध्या फाडल्या. एक फिरवली, दुसरी, तिसरी. काळ्या चिंध्यांचा ढीग पोत्यावर वाढत गेला. सातवी काढून त्यानं हातभर लांब धरली, डोळे बारीक केले. काही कळेना.

"कोंडाबाई," त्यानं गडग्याकडे हाक दिली, "जरा इकडं ये. ही पांढरी हाय का बघ."

कोंडाबाई आली. तिनं चिंधी हातात घेतली, मग दाराकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं? हिला इचारा की."

"तुला दिसतं तेवढं सांग."

तिनं चिंधी उन्हात धरली. "पांढरी हाय."

दगडोबानं खटका बसवला. दारात विठाबाई केव्हाची उठून उभी होती, पदराला हात पुसून.