पिवळा पुडा

घशावरच्या उपचारांनी बसचालकाच्या तोंडाची चव पार गेली होती. गोड काय नि खारट काय, त्याला सगळा भुसाच. डॉक्टर म्हणाले होते, "चव परत आली की समजा, गाडी रुळावर आली." नवरा-बायको त्या एका गोष्टीकडे डोळे लावून बसली होती.

एका सकाळी चहाचा घोट घेऊन तो थबकला. "अगं, गोड लागतोय!"

बायकोने शिवणयंत्रावरचं झबलं तसंच टाकलं. "काय आणू तुमच्यासाठी?"

"आल्याची बिस्किटं. पिवळ्या पुड्यातली."

नोकरीभर ती त्याच्या खिशात असायची. आधी कुरकुर, मग लोणी, आणि शेवटी घशात आल्याचा खमंग ठसका.

पुडा आला. त्याने डोळे मिटून घास घेतला, बराच वेळ चावत राहिला आणि उरलेलं बिस्किट बशीत ठेवलं. "छे. भुसाच. चहाचं मला उगाच वाटलं."

तिने एक तोंडात टाकलं. टाळूला तेलाचा थर बसला. आल्याच्या जागी साबणासारखा नुसता वास.

"अहो, बिस्किटच बिघडलंय! तुमची शपथ!"

"माझी खोटी शपथ घेऊ नकोस. आधीच आयुष्य तोकडं झालंय."

ती तडक दुकानात गेली. दुकानदाराने हात झटकले. "काकू, कंपनी मध्यंतरी विकली गेली. नव्या मालकांनी फक्त पुडा तेवढा तसाच ठेवलाय. लोक रंग बघून घेतात."

"हेच घरी येऊन त्यांना सांगा."

दुपारी दुकान बंद करून तो बिचारा खरंच आला, सगळं सांगून गेला. बसचालकाने ऐकून घेतलं, त्याला दारापर्यंत सोडलं.

"भला माणूस," तो परत येऊन म्हणाला. "तुझ्या शब्दाखातर खोटं बोलायला आला."

त्यानंतर त्याने तपासणीला जायचं सोडलं. "चव आली की जाऊ," एवढंच म्हणायचा. तिने भरपूर आलं किसून, लोणी घालून घरी बिस्किटं भाजली. "फक्कड झालीत," म्हणत त्याने बशी रिकामी केली. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला चव लागली, की त्याने तिचं मन राखलं, हे तिला तो असेपर्यंत कळलं नाही. नंतर विचारायला कुणी उरलं नाही.